‘पेन्शन बंद आहे’ एवढ्यानं भागत नाही: ज्येष्ठांच्या मागण्यांसाठी फोन आणि संगणक कसा वापरावा

प्रश्न थोडक्यात असा आहे. खान्देशातला एक तालुका, गावोगाव ज्येष्ठ नागरिक संघाच्या शाखा, व्हॉट्सॲपचे ग्रुप ढीगभर आणि निवेदनं देऊन थकलेले पदाधिकारी. पेन्शन, बँक, दवाखाना, बस सगळ्याबद्दल तक्रारी आहेत, पण तहसीलला आणि जिल्ह्याला कोणी दाद देत नाही. कोणी म्हणतं ॲप बनवा, कोणी म्हणतं फेसबुक पेज काढा. मग तंत्रज्ञानाचा नेमका उपयोग करायचा कशासाठी?

ॲप बनवू नका. ज्यांच्यासाठी बनवायचं त्यांच्यातल्या बऱ्याच जणांच्या हातात बटणाचा फोन असतो, आणि स्मार्टफोन असला तर तो नातवाच्या ताब्यात. फेसबुक पेजही तूर्त राहू द्या. तुमचा आवाज वर पोचतो, पण समोरच्याला धरता येईल असं त्यात काही नसतं, ही खरी अडचण आहे. ‘तालुक्यातल्या वृद्धांना पेन्शन वेळेवर मिळत नाही’ या वाक्यावर कचेरीत एकच शेरा पडतो: कार्यवाही सुरू आहे. तेच ‘सोबतच्या यादीतल्या ४१ जणांचं आधार दुसऱ्याच बँकेला जोडलेलं आहे, त्यातले २९ जण एकाच शाखेचे खातेदार आहेत’ असं लिहून दिलं, तर शेरा मारणाऱ्याला शाखेला पत्र लिहावंच लागतं. (आकडे समजण्यापुरते घेतले आहेत.) फोन, फॉर्म, तक्ते हे सगळं या दुसऱ्या वाक्यापर्यंत पोचण्यासाठी वापरायचं.

म्हणून आधी कारणं वेगळी करायला शिका. श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजनेत ६५ वर्षांवरच्या गरीब वृद्धांना महिना १,५०० रुपये मिळतात. इंदिरा गांधी राष्ट्रीय वृद्धापकाळ योजनेत केंद्राचा हिस्सा ७९ वर्षांपर्यंत २०० आणि ८० पासून ५०० रुपये आहे, वरची भर राज्य घालतं. गावात या सगळ्याला एकच नाव, ‘पेन्शन’ किंवा ‘निराधारचे पैसे’. आणि पैसे आले नाहीत की तक्रारही एकच. पण त्या एका तक्रारीमागे निदान सात-आठ वेगळी कारणं असतात आणि प्रत्येकाचं दार वेगळं असतं.

सगळ्यात जास्त घोळ घालणारं कारण आधार-बँक जोडणीचं. थेट लाभाचे पैसे खाते क्रमांक बघून जात नाहीत, एनपीसीआयच्या (बँकांमधले पैशांचे व्यवहार जोडणारी संस्था) नोंदीत त्या आधारला जी बँक शेवटची जोडली गेली तिथे जातात. एखाद्या आजीचं जुनं खातं जिल्हा बँकेत, जनधनचं राष्ट्रीयीकृत बँकेत, आणि मध्येच कुणी तरी बाजारात टेबल टाकून तिसरं खातं काढून दिलेलं. अंगठा दिला त्या दिवशी जोडणी सरकली. आजी जुनं पासबुक घेऊन चकरा मारते, पैसे तिसऱ्या खात्यात साठत असतात. हे तपासायला दोन मिनिटं पुरतात. माय-आधार संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग स्टेटस’ बघा, त्यासाठी आधारला जोडलेल्या फोनवर ओटीपी येतो. बटणाच्या फोनवरून *९९*९९*१# लावून आधार क्रमांक टाकायची सोयही आहे. तिथे फक्त बँकेचं नाव दिसतं, खाते क्रमांक नाही. एकाच बँकेत दोन खाती असतील तर शाखेत जाऊन विचारण्याला पर्याय नाही.

दुसरं कारण, खातं निष्क्रिय किंवा केवायसी थकलेली. दोन वर्षं खातेदारानं व्यवहार केला नाही की बँक खातं निष्क्रिय धरते. पण सरकारी लाभ जमा होण्यासाठी उघडलेली शून्य शिलकीची खाती व्यवहाराअभावी निष्क्रिय ठरवू नयेत, असं रिझर्व्ह बँकेनं सांगितलेलं आहे. शाखेत हे शांतपणे दाखवून द्यावं लागतं. तिसरं, हयातीचा किंवा उत्पन्नाचा दाखला त्या वर्षी गेला नाही. चौथं, आधार, बँक आणि अर्ज यांत नाव वेगवेगळं: एकीकडे ‘सखुबाई’, दुसरीकडे ‘सकूबाई’. पाचवं, आधारवर वय कमी. नोंदणीच्या वेळी अंदाजे १ जानेवारी आणि कुठलं तरी साल घातलेलं, त्यामुळे सत्तरीची बाई कागदावर ६१ ची. जन्मतारीख आधारवर एकदाच बदलून मिळते, म्हणून पुरावा हातात असल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नका. सहावं, अर्ज दिला पण अर्ज मंजूर करणाऱ्या संजय गांधी योजना समितीची बैठकच झालेली नाही. सातवं, यादीत मयत किंवा दुबार म्हणून नाव उडालं. आणि आठवं, पैसे खात्यात आहेत पण बोटांच्या रेषा झिजल्यामुळे अंगठा उठत नाही. आयुष्य कापूस वेचण्यात आणि निंदणी-खुरपणीत गेलेल्या हातांचं हे नेहमीचं आहे.

हे शेवटचं कारण पेन्शनच्या यादीत घालू नका, बँकेच्या यादीत घाला. अंगठा मशीनवर उठत नसला तरी शाखेत पैसे काढण्याच्या पावतीवर शाईचा अंगठा चालतो. आजारी, अपंग वा अतिवृद्ध खातेदारासाठी दोन साक्षीदार, त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी, अशी पद्धत रिझर्व्ह बँकेच्या सूचनांतच आहे. ७० वर्षांवरच्यांना घरपोच मूलभूत सेवा देण्याची सूचना २०१७ ची आहे. ग्राहक सेवा केंद्रवाला ‘मशीन घेत नाही’ म्हणतो तेव्हा गोष्ट तिथे संपत नाही.

माहिती गोळा करताना

मैदानी तालुक्यांत, म्हणजे अमळनेर, पाचोरा, शिंदखेडा अशा भागात गुगल फॉर्म पुरतो. धडगाव, अक्कलकुवा किंवा साक्रीच्या पश्चिम पट्ट्यात रेंज भरवशाची नाही. तिथे कोबोकलेक्ट हे फॉर्म भरायचं ॲप घ्या. अँड्रॉइड फोनवर फुकट चालतं, फॉर्म फोनमध्ये साठवतं आणि रेंजमध्ये आल्यावर पाठवतं. एकच काळजी घ्यायची: परत आल्यावर ‘पाठवले’ या कप्प्यात संख्या मोजल्याशिवाय फोन कोणालाही द्यायचा नाही. पोरं जागा मोकळी करायला ॲप काढून टाकतात आणि अख्ख्या दिवसाचे फॉर्म जातात.

प्रश्न १२ ते १४ च्या वर नेऊ नका. गाव, नाव, आधारवरचं जन्मसाल, स्त्री की पुरुष, घरात सोबत कोण राहतं, कोणती योजना, शेवटचे पैसे कोणत्या महिन्यात आले, कोणती बँक व शाखा, पैसे काढतं कोण, अडचणीचं कारण (वरच्या आठांपैकी एक, अधिक ‘माहीत नाही’), कचेरीत दिलेल्या शेवटच्या कागदाची तारीख आणि पोच आहे का, चालता येतं का, आणि फोन नंबर. फोन नंबराशेजारी ‘हा फोन कोणाचा’ हा रकाना हवाच. मुलगा सुरतला कामाला, नंबर त्याचा, ओटीपी त्याच्याकडे. तो कामावर असताना इथे सेतू केंद्रात आजोबा बसून राहतात. हा रकाना भरला की तालुक्यात किती वृद्ध दुसऱ्याच्या ओटीपीवर अवलंबून आहेत हे आपोआप समोर येतं, आणि ती मागणी स्वतंत्रपणे मांडता येते.

गावाचं नाव टाइप करू देऊ नका, यादीतून निवडायला लावा. पिंप्री, पिंपरी, पिंप्री खुर्द, पिंप्री बुद्रुक एवढ्यावरून अख्खा तक्ता बिघडतो. केंद्राच्या स्थानिक शासन निर्देशिकेत प्रत्येक गावाला कोड असतो, तो यादीत घालून ठेवा. आधार क्रमांक अजिबात घेऊ नका, शेवटचे चार आकडेसुद्धा. आपल्या कामाला तो लागत नाही, आणि फोन हरवला तर जबाबदारी आपली. पासबुकाचा फोटो घ्यायचा तर शेवटच्या नोंदींच्या पानाचा, खाते क्रमांकावर कागदाची पट्टी ठेवून. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये आलेला आहे, तेव्हा संमतीचं वाक्य मोठ्यानं वाचून दाखवा: ही माहिती कशासाठी, कोण बघणार, नको असेल तर काढून टाकता येते. हो म्हटल्याची खूण फॉर्ममध्येच ठेवा.

भाषेचं बघा. ‘आपणास अंतिम अनुदान कोणत्या माहे प्राप्त झाले’ असं विचारलं तर माणूस घाबरून ‘माहीत नाही’ म्हणतो. ‘शेवटला पैसा कोनता महिनाम्हा उनात?’ असं अहिराणीत विचारा, पटकन उत्तर येतं. रावेर-यावलकडे लेवा बोलीत, सातपुड्यात पावरी किंवा भिलीत विचारणारा सोबत न्या. महिना आठवत नसेल तर सणानं विचारा: आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधी की नंतर, कानबाई बसल्या तेव्हा आले होते का, पोळ्याला हातात होते का, डोंगरात होळीच्या आधी की नंतर. फॉर्ममधल्या पर्यायांतच ‘वैशाख, आखाजीच्या सुमारास’ असं लिहून ठेवलं की नोंदणारा चुकत नाही.

एका माणसाला आठ-दहा मिनिटं लागतात. पहिले वीस फॉर्म एकाच गावात भरून बघा आणि मग प्रश्न दुरुस्त करा. तालुकाभर पसरल्यावर प्रश्न बदलला तर आधीचं सगळं वाया जातं. पारावर, वट्ट्यावर बसून यादी पूर्ण करू नका. तिथे भेटतात ते चालणारे पुरुष. एकट्या राहणाऱ्या विधवा, अंथरुणाला खिळलेले, मुलं गुजरातेत गेल्यावर नातवंडं सांभाळणाऱ्या आज्या पारावर येत नाहीत, आणि मागणीचा खरा जोर त्यांच्यात असतो. आशा सेविका आणि पोस्टमन यांना दारं माहीत असतात, त्यांना विचारून घर निवडा. कापूस वेचणीच्या दिवसांत दुपारी गेलात तर कुलपं भेटतील.

तक्ता आणि त्यातल्या खोड्या

एक माणूस, एक अडचण, एक ओळ. एकाच माणसाच्या दोन अडचणी असतील तर दोन ओळी. गुगल शीटमध्ये पुढचे रकाने वाढवा: कुठे कागद दिला, आवक क्रमांक, तारीख, पुढची तारीख, काय झालं. मग पिव्हट टेबलनं (शीटमधली गटवार बेरजा काढायची सोय) कारणवार, बँकशाखावार, गाववार बेरजा काढा. यात दोन खोड्या नेहमी त्रास देतात. एक, देवनागरी आकडे. ‘१५००’ असं मराठी कळफलकावरून टाकलं की शीट त्याला आकडा न मानता अक्षरं मानतं आणि बेरीज शून्य येते. तक्त्यात इंग्रजी अंकच टाका, छापताना हवे तर बदला. दोन, जुने फॉन्ट. कचेरीतून किंवा डीटीपीवाल्याकडून आलेली यादी कृतिदेव, श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये असेल तर शीटमध्ये ती कचऱ्यासारखी दिसते. आधी युनिकोडमध्ये रूपांतर करा, आणि रूपांतरात जोडाक्षरं व रफार मोडतात म्हणून नावं डोळ्यांखालून घाला.

शंभरातल्या दहा नोंदी दुसऱ्या माणसानं पुन्हा फोन करून पडताळाव्यात. ही कटकट वाटते, पण टाळू नका. तुमच्या यादीत गेल्याच महिन्यात पैसे मिळालेला एक जण सापडला, की बैठकीत साहेब नेमकं तेच नाव वाचून दाखवतात आणि बाकीच्या नावांकडे कोणी बघत नाही. फुगवून सांगण्याची सवय तर पहिल्याच दिवशी सोडा.

तक्ता एकाच्या फोनवर ठेवू नका. संघाच्या नावानं वेगळं खातं, त्याला दोन टप्प्यांची पडताळणी, संपादनाचा अधिकार दोघांना, बाकीच्यांना फक्त बघता येईल असं. निवडणुका आल्या की ही यादी कोणाला तरी हवी असते. द्यायची नाही.

सरकारचे आकडे, माहिती अधिकारातून

तुमची यादी एका हाताला, सरकारची दुसऱ्या हाताला. एनएसएपीच्या (राष्ट्रीय सामाजिक सहाय्य कार्यक्रम) संकेतस्थळावर केंद्राच्या पेन्शनचे लाभार्थी खालपर्यंत उतरत बघता येतात. ग्रामपंचायतीचा आराखडा आणि खर्च ई-ग्रामस्वराजवर असतो, राज्याच्या योजनांना किती तरतूद झाली आणि किती खर्ची पडली ते बीम्स या राज्याच्या अर्थसंकल्पाच्या संकेतस्थळावर. तालुक्यातल्या समितीचं कामकाज मात्र यात कुठे दिसत नाही. त्याला माहिती अधिकार लागतो.

महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांत असावा. फी १० रुपये, दारिद्र्यरेषेखालच्याला माफ. राज्याच्या ऑनलाइन पोर्टलवर तुमचं कार्यालय यादीत दिसलं तर तिथून भरा. नाही दिसलं तर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून हातोहात द्या आणि पोच घ्या. ‘पेन्शन का देत नाही’ असं विचारू नका, ‘का’ला उत्तर द्यायला माहिती अधिकारी बांधील नसतो. कागदच मागा: ‘१ एप्रिल ते ३० सप्टेंबर या काळात संजय गांधी निराधार अनुदान योजना समितीच्या झालेल्या बैठकांच्या तारखा, प्रत्येक बैठकीत ठेवलेल्या, मंजूर, नामंजूर व प्रलंबित अर्जांची संख्या, आणि इतिवृत्तांच्या प्रती.’ नावं मागितली की खासगी माहिती म्हणून नाकारायला वाव मिळतो, संख्या मागितली तर तो वाव राहत नाही. ३० दिवसांत उत्तर नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, तिथेही झालं नाही तर ९० दिवसांत दुसरं. या तारखा अर्ज दिला त्याच दिवशी फोनच्या कॅलेंडरमध्ये सूचनेसह टाका. अर्ज बिनचूक असतो, अपिलाची तारीख मात्र लग्नसराईत निघून जाते.

कोणत्या दारात, कोणत्या दिवशी

लोकशाही दिन, म्हणजे अधिकारी लोकांच्या तक्रारी ऐकतात तो दिवस, अनेक संघ वाया घालवतात. जिल्ह्याचा महिन्याच्या पहिल्या सोमवारी, तालुक्याचा तिसऱ्या सोमवारी; अर्ज १५ दिवस आधी, दोन प्रतींत, आणि तक्रार वैयक्तिक स्वरूपाची. संघाच्या लेटरहेडवरचं सामूहिक निवेदन इथे बसत नाही, ते परत येतं आणि मग ‘आमचं ऐकलं नाही’ अशी ओरड होते. इथे तुमचा तक्ता कामाला येतो. वर्ड किंवा लिब्रेऑफिसमध्ये एक नमुना अर्ज करा, तक्ता जोडा, मेल मर्ज (तक्त्यातली माहिती अर्जात आपोआप भरणारी सोय) चालवा: ३० माणसांचे ३० स्वतंत्र अर्ज, प्रत्येकात त्याचं नाव, शाखा, शेवटचे पैसे आल्याचा महिना, आधी दिलेल्या कागदाची तारीख. सह्या-अंगठे घेऊन एकत्र दाखल करा. एका अर्जाला एक टोकन, म्हणजे ३० टोकनं, आणि प्रत्येकावर स्वतंत्र उत्तर.

बँकेच्या यादीचं दार वेगळं. तहसीलदार बँकेला हुकूम देऊ शकत नाहीत. जिल्ह्याच्या अग्रणी बँकेच्या (जिल्ह्यातल्या बँकांचा समन्वय बघणारी बँक) व्यवस्थापकाकडे शाखावार तक्ता द्या. तालुका आणि जिल्हा पातळीवर बँकांच्या समित्या तिमाहीला बसतात, त्या बैठकीच्या आधी तो तिथे पोचला पाहिजे. एकट्याची तक्रार असेल तर आधी शाखेत लेखी, ३० दिवसांत निकाल नाही लागला तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, ऑनलाइन किंवा १४४४८ वर विचारून.

समितीची बैठक होत नसेल तर माहिती अधिकारात मिळालेलं उत्तर जोडून उपविभागीय अधिकाऱ्यांकडे आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे जा. उत्पन्नाची अट मात्र तालुक्यात सुटत नाही. श्रावणबाळला कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत लागतं, म्हणजे दिवसाला ५७-५८ रुपये. मजुरीला जाणारी एक सून घरात असली तरी खरा दाखला या अटीत बसत नाही. ‘उत्पन्न जास्त’ म्हणून नाकारलेल्यांची संख्या आणि प्रत्येकाच्या दाखल्यावरचा आकडा वेगळ्या पानावर काढा आणि अधिवेशनाच्या निदान महिनाभर आधी आमदारांकडे द्या. प्रश्नाचा मसुदाही तुम्हीच लिहून द्या. तालुक्याचे आकडे आयते मिळाले की प्रश्न लागायची शक्यता वाढते.

आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाह व कल्याणाच्या २००७ च्या कायद्याखालचं न्यायाधिकरण प्रांताकडे (उपविभागीय अधिकाऱ्याकडे) असतं. ज्येष्ठाला स्वतःला जमत नसेल तर त्यानं अधिकार दिलेली संस्था अर्ज करू शकते, वकील लागत नाही, निर्वाहभत्ता महिना १० हजारांपर्यंत, आणि नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत निकाल अपेक्षित. या प्रकरणांची यादी मुख्य तक्त्यात घालू नका. मुलानं मारलं, घर लिहून घेतलं अशी गोष्ट ग्रुपवर गेली की म्हातारा संध्याकाळी त्याच घरात जेवायला बसणार असतो, हे लक्षात ठेवा. तातडीची वेळ असेल तर १४५६७ ही एल्डरलाइन आहे. संघानं माहिती अधिकारात विचारायचं ते एवढंच: किती अर्ज आले आणि किती ९० दिवसांच्या पुढे गेले.

ग्रामसभेला फार वेळ देत नाही, तो विषय बहुतेकांना ठाऊक आहे. एवढंच सांगतो की धडगाव, अक्कलकुव्यासारख्या पेसा क्षेत्रात (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणारा कायदा लागू असलेला भाग) पाड्याची ग्रामसभा स्वतंत्रपणे ठराव करू शकते, आणि त्या ठरावाची प्रत तुमच्या तक्त्याला जोडली की वजन वाढतं.

व्हॉट्सॲप, आवाज, नकाशा

आहेत ते ग्रुप मोडू नका, एकच नवा काढा ज्यात फक्त ॲडमिन लिहितील आणि प्रत्येक गावाचा एक माणूस असेल. ब्रॉडकास्ट यादीत २५६ पर्यंत नंबर बसतात, पण ज्यानं तुमचा नंबर साठवलेला नाही त्याला निरोप जातच नाही; निम्मं काम इथेच अडतं, म्हणून फॉर्म भरतानाच त्यांच्या फोनमध्ये संघाचा नंबर साठवून द्या. मजकुरापेक्षा आवाज पाठवा, मिनिटाच्या आत, अहिराणीत, सुरुवातीलाच तारीख सांगून. नाही तर तीन महिन्यांपूर्वीचं शिबिर ऐकून लोक बस पकडतात. (७५ वर्षांवर एसटी फुकट आहे, पण दिवस फुकट नाही.) योजनेचा निरोप शासन निर्णयाच्या संगणक संकेतांकाशिवाय पुढे ढकलायचा नाही. एपीके फाइल (फोनमध्ये ॲप बसवणारी फाइल) आली तर उघडायची नाही, कितीही ‘योजनेची यादी’ म्हणत असली तरी. पैसे गेलेच तर त्याच घटकेला १९३० ला फोन.

डोंगरात आकड्यांपेक्षा नकाशा बोलतो. गुगल माय मॅप्सवर पाडा, जवळची बँक किंवा ग्राहक सेवा केंद्र, जवळचं आरोग्य केंद्र असे ठिपके टाका. सरळ रेषेचं अंतर देऊ नका, सातपुड्यात ते फसवं असतं. नकाशावर जवळ दिसणारं गाव दरीपलीकडे असतं, आणि मणिबेलीसारख्या नर्मदाकाठच्या गावांना तर पाण्याचाही हिशोब येतो. पायी किती तास, जीपचं भाडं किती, पावसाळ्यात रस्ता किती दिवस तुटतो हे ठिपक्यावर लिहा. पोस्टमनच्या मशीनवरून घरी पैसे मिळतात, ती सोय कोणत्या पाड्यांना नियमित हवी हे अशा नकाशावरून डाक अधीक्षकांना एका पानात दाखवता येतं.

निवेदन एकाच पानाचं ठेवा. तीन आकडे, एक मागणी, तक्ता मागे जोडलेला. फोटो लावायचे तर दोनच: बँकेच्या पायऱ्यांना कठडा नसल्याचा आणि उन्हातल्या रांगेचा, चेहऱ्यांऐवजी रांग दिसेल असा. मसुद्यासाठी बोलून टाइप करण्याची सोय किंवा एआय वापरायला हरकत नाही, पण त्यात लोकांची नावं-नंबर टाकू नका, आणि त्यानं लिहिलेली कलमं, तारखा मुळातून तपासा. तो ठोकून देतो. आवक क्रमांकाचा शिक्का पडला की तिथेच फोटो काढून तक्त्याच्या त्या ओळीला जोडा. पंधराव्या दिवशी त्याच क्रमांकानं विचारणा.

शिबिर मंजूर झालं तर मागणी तपशिलात लिहा. नुसतं ‘आधार शिबिर घ्या’ म्हटलं की एक ऑपरेटर, एक अंगठ्याचं मशीन आणि दुपारी दोनला बंद पडलेलं सर्व्हर मिळतं. लिहा: डोळ्यांच्या बुबुळांचा स्कॅनर, चेहऱ्यावरून पडताळणीची सोय, मोबाईल नंबर बदलण्याचा अधिकार असलेला ऑपरेटर, त्या गावाला लागू असलेल्या बँकेचा माणूस केवायसीच्या फॉर्मसह, ग्राम महसूल अधिकारी (म्हणजे आपला तलाठी) हयातीच्या नोंदीसाठी, ७० वर्षांवरच्यांच्या आयुष्मान वय वंदना कार्डासाठी वेगळं टेबल, बसायला खुर्च्या, पाणी, आणि खाली, तळमजल्यावर. बोलावणं गावाला सरसकट देऊ नका. तक्त्यातून त्या दिवशी ज्यांचं काम त्या टेबलावर होऊ शकतं त्यांनाच वेळ वाटून द्या, सकाळी दहापासून तासाला पंधरा.

काम झालं असं शिबिरात सांगितलं तरी ओळ बंद करायची नाही. लागोपाठ दोन महिने पैसे जमा झाल्याचं पासबुकावर उमटलं की मगच ‘झाले’ लिहायचं. पहिल्या महिन्यात येऊन दुसऱ्या महिन्यात पुन्हा थांबलेली प्रकरणं कारण बदलून परत येतात, आणि त्यांचं कारण नव्यानंच शोधावं लागतं.